माल्बोर्क : पगार थकला, गड गेला

ग्दान्स्कहून आगगाडीने तासाभराच्या आत नोगात नदी लागते. पुलावरून जाताना पलीकडच्या काठावर सगळं लालच लाल दिसतं. विटांचे तट, विटांचे बुरूज आणि मागे चढत गेलेली उतरती छपरं. हा पोलंडमधला माल्बोर्क. विटांचा इतका मोठा किल्ला जगात दुसरा नाही, असं मानतात. भोवतालचा मुलूख नदीच्या गाळाचा आणि सपाट. डोंगर नाही, कातळ नाही, म्हणून इथे वीट भाजून गड उभा केला.

उभा केला तो ट्युटॉनिक नाइट्सनी. हे जर्मन लढवय्ये साधू, पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस मिरवणारे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या मूळ प्रशियन टोळ्यांना त्यांनी तलवारीच्या जोरावर ख्रिस्ती केलं आणि त्यांची जमीन घेतली. 1280च्या सुमारास ते इथे राहायला आले. 1309 साली त्यांच्या महाप्रमुखाने व्हेनिस सोडून हीच राजधानी केली. मग बालेकिल्ला, मधला किल्ला, खालचा किल्ला असा पसारा वाढत गेला. जमिनीखालच्या भट्ट्यांत दगड तापवून त्यांची ऊब वरच्या दालनांत सोडायची सोय होती. फरशीतली ती भोकं आजही दिसतात.

महाप्रमुखाच्या वाड्यातली उन्हाळी भोजनशाळा मला फार आवडली. एवढ्या प्रशस्त दालनाचं छत मधोमध उभ्या असलेल्या एकाच दगडी खांबावर पेललेलं आहे. भिंतीत, शेकोटीच्या वर, तोफेचा एक गोळा रुतलेला आहे. 1410 साली ग्रुनवाल्डच्या लढाईत नाइट्सचा धुव्वा उडाला, त्यांचा महाप्रमुख मारला गेला आणि पोलंडचा राजा याग्येवो माल्बोर्कला वेढा घालून बसला. आत सगळे जेवायला जमले असताना हा खांबच उडवायचा, म्हणजे छतासकट नाइट्सचा अख्खा संघ गाडला जाईल, असा बेत होता म्हणतात. नेम चुकला, अशी ती कथा. खरं काही असो, हाइनरिष फॉन प्लाउएन या किल्लेदाराने गड झुंजवला आणि दोनेक महिन्यांनी वेढा उठला.

जे तोफांना जमलं नाही, ते पुढे थकलेल्या पगाराने केलं. 1454 साली प्रशियातली, म्हणजे नाइट्सच्याच मुलखातली शहरं आणि तिथले उमराव नाइट्सवर उलटले आणि पोलंडच्या राजाला जाऊन मिळाले. तेरा वर्षं चाललेलं हे युद्ध नाइट्स भाड्याच्या सैन्यावर लढत होते आणि खजिन्यात खडखडाट होता. शेवटी पगाराला तारण म्हणून त्यांनी आपले किल्लेच शिपायांकडे गहाण टाकले. त्यात माल्बोर्कही होता! पैसे काही मिळेनात, तेव्हा शिपायांचा चेक सरदार उल्रिख चेरव्होन्का याने राजा कझिमिएश चौथा याच्याशी सौदा केला : 1,90,000 सोन्याची नाणी द्या, गड घ्या. 1457च्या जूनमध्ये महाप्रमुख गडाबाहेर पडला आणि राजा आत आला. आपण याला पटकन फितुरी म्हणू. पण मला त्या शिपायांपेक्षा गहाणखत करणारेच जास्त दोषी वाटतात. पोटाला न देता शिबंदीकडून इमान मागता येत नाही.

पुढची तीनशे वर्षं गड पोलंडच्या राजाकडे राहिला. मध्ये दोनदा स्वीडनने तो बळकावला. 1772 साली शेजारी राज्यांनी पोलंडची पहिली फाळणी केली आणि गड प्रशिया या जर्मन राज्यात गेला. प्रशियाने त्याच्या बराकी केल्या, कोठारं केली, जुन्या कमानी फोडल्या. 1803 साली माक्स फॉन शेंकेनडॉर्फ या तरुणाने या मोडतोडीविरुद्ध वृत्तपत्रात कळकळीने लिहिलं. त्यानंतर सरकारला जाग आली. 1882 पासून कॉनराड स्टाइनब्रेख्ट या वास्तुविशारदाने तर उभा जन्मच या गडाच्या दुरुस्तीला वाहिला. पण त्या दुरुस्तीला जर्मन अभिमानाची धार होती. नाझींनी पुढे त्याच अभिमानापोटी तरुणांच्या मिरवणुका इथे आणल्या. 1945 साली जर्मन फौज याच तटांआड लढली. सोव्हिएत तोफा थांबल्या तेव्हा निम्म्याहून जास्त किल्ला उद्ध्वस्त झाला होता.

आणि तो पुन्हा बांधला पोलंडने. युद्धात स्वतःची राजधानी राख झालेल्या देशाने जुन्या वैऱ्याचा गड वीट-वीट लावून सावरला, याचा मला मनापासून आदर वाटतो. 1961 साली इथे संग्रहालय झालं. गडातल्या चर्चच्या बाहेरच्या कोनाड्यातली, रंगीत काचतुकड्यांनी मढवलेली मेरीची आठ मीटर उंच मूर्ती 1945 मध्ये फुटली होती. ती 2016 साली पुन्हा उभी राहिली. ती नीट बघायची तर तटाच्या पूर्वेकडे जावं लागतं. बरेचजण अंगणं पाहूनच परततात, म्हणून मुद्दाम सांगतो. जायचं तर अख्खा दिवस हाताशी ठेवा आणि परतण्याआधी पादचारी पुलावरून नोगात ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन या. सगळा किल्ला एका नजरेत मावतो तो तिथूनच.