दोन थेंबांची साक्ष

वेंगुर्ल्याच्या आमच्या मावशीचा उजवा डोळा वर्षभरात चार वेळा लाल झाला, दर वेळी नजरेसमोर काजळीचे कण तरंगू लागले आणि दर वेळी स्टिरॉइडचे थेंब घातल्यावर आठ-दहा दिवसांत उतार पडला. रक्ताच्या तपासण्यांत काहीच सापडत नव्हते. डोळा आणि रक्त यांच्यामध्ये एक आडभिंत असते, त्यामुळे डोळ्याच्या आतली सूज रक्ताच्या अहवालात उमटेलच असे नाही.

मुंबईच्या नेत्रतज्ज्ञ बाईंना नेमका तो उतारच खटकला. साठी ओलांडलेल्या माणसाला वारंवार युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, होत असेल, तर त्याआड डोळ्यातला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, दडलेला असू शकतो. आणि स्टिरॉइडने तोही काही काळ निवळतो. औषध लागू पडले एवढ्यावरून निदान पक्के होत नाही, हे आधीच्या दवाखान्यात कुणीच सांगितले नव्हते, याची मला अजून चुटपुट लागते.

डोळा बधिर करून, पारदर्शक पटलाच्या कडेतून अगदी बारीक सुई घालून तपासणीसाठी डोळ्यातले पाणी काढले ते अवघे ०.१ मिलीलीटर, म्हणजे दोन थेंब. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ते असतेच मुळी पाव मिलीलीटर, आणि काही तासांत पुन्हा भरते. "इतक्याश्या पाण्यात काय दिसतला?" मावशीने विचारले. नमुना बर्फाच्या थर्मोकोल डब्यातून निघाला. मालवणहून सुरमई जाते तसाच.

त्यात दोन प्रथिने मोजतात. साध्या दाहात इंटरल्यूकिन-६ वाढते, तर लिम्फोमाच्या बी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) इंटरल्यूकिन-१० सोडतात; दहाचे सहाशी गुणोत्तर १ च्या वर गेले, की कर्करोगाचा संशय बळावतो. अंतिम निर्णय मात्र डोळ्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो, म्हणून या आकड्याला मी निकाल न म्हणता साक्ष म्हणते.

मावशीच्या अहवालात सहा भरपूर होते, दहा जवळजवळ नव्हतेच. तेव्हा बाईंनी विचारले, भातलावणीनंतर कधी ताप आला होता का? लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या आजाराचा, ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही डोळा सुजतो. १९९३ च्या पुरानंतर मदुराईत अशा रुग्णांची साथच दिसली होती. मावशी जरा थांबली, आणि मग तिला दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातल्या, गोळ्या घेऊन अंगावर काढलेल्या तापाची आठवण झाली.