फिलाडेल्फियातले दोन पेन

बाबांना अमेरिकेत नायगारा बघायचा नव्हता, थॉमस पेन बघायचा होता, म्हणजे अठराव्या शतकातल्या या लेखकाच्या खुणा. फलटणला जन्मभर इतिहास शिकवल्यावर माणसाचं असं होतं. जोतीरावांनी तरुणपणी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं आणि त्यांचे डोळे उघडले, हे बाबा दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे. १८७३ची ‘गुलामगिरी’ जोतीरावांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे त्याला जोडून. तेव्हा आईबाबा न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आमच्याकडे आले आणि २०२४च्या ऑक्टोबरात एका शनिवारी आम्ही फिलाडेल्फिया गाठलं.

गाठलं खरं, पण उशिरा. एडिसनहून एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने ट्रेंटन आणि तिथून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाची लोकल पकडून जेफरसन स्टेशन, हा स्वस्तातला रस्ता. शनिवार-रविवारी सेप्टाच्या गाड्या विरळ असतात हे मला ठाऊक होतं, तरी वेळापत्रक पाहिलं नाही. आमच्या डोळ्यांदेखत गाडी गेली. ट्रेंटनच्या बाकड्यावर आईचा चिवडा तिथेच निम्मा संपला. तुम्ही दोन्ही गाड्यांच्या वेळा आधी जुळवून घ्या.

इंडिपेंडन्स हॉलचं तिकीट आधी काढावं लागतं. प्रवेश फुकट, ऑनलाइन बुकिंगचा माणशी १ डॉलर. पण त्यावर वेळ छापलेली असते आणि तपासणीची रांग वेगळी, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा. आम्ही धापा टाकत पोचलो. आत जायच्या आधी मार्केट स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये बाथरूम उरकून घ्या, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर नक्कीच.

आतली सभेची खोली आपल्या झेडपी शाळेच्या दोन वर्गांएवढी वाटली. हिरव्या कापडाची टेबलं. १७७६चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच मंजूर झाला आणि १७८७ची राज्यघटनाही इथेच लिहिली गेली. बरंचसं फर्निचर त्या काळातलं, पण दुसरीकडून आणलेलं. अस्सल आहे ती समोरची उंच पाठीची खुर्ची, घटना लिहिताना वॉशिंग्टन बसायचे ती. पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. हा उगवतो की मावळतो असा प्रश्न त्या सभेतल्या ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनला महिनोन् महिने पडला होता, आणि सह्या होताना तो म्हणाला की उगवतोच आहे. बाबा त्या सूर्याकडे बघत राहिले आणि हॉल दाखवणाऱ्या रेंजरबाईंना मागून “मॅडम, पुढे चला” म्हणावं लागलं.

बाहेर पडल्यावर बाबांनी त्यांनाच विचारलं, “व्हेअर इज पेन?” बाईंनी उत्साहाने सिटी हॉलवरच्या पुतळ्याच्या दिशेला हात केला. तो विल्यम पेन! इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे विल्यमच्या बापाचं कर्ज अडकलं होतं, ते फेडायचं म्हणून १६८१मध्ये राजाने मुलाला अख्खं पेनसिल्व्हेनिया लिहून दिलं, तो क्वेकर पंथाचा ख्रिस्ती. आपण मराठीत दोघांनाही ‘पेन’च म्हणतो. आमच्या पेनचा उच्चार इथे ‘पेइन’सारखा करायचा, हे लक्षात ठेवा, म्हणजे चुकीच्या पुतळ्याखाली पोचणार नाही.

लिबर्टी बेलला तिकीट नाही, फक्त रांग आहे. घंटा बघा, तडा बघा, आणि घंटेवर पेनसिल्व्हेनियाचं स्पेलिंग एका ‘एन’ने लिहिलंय तेही बघा. पण तिथून घाईने निघू नका. घंटेच्या इमारतीलगतच, सिक्स्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावर, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचे त्या घराचा पाया काचेखाली दिसतो. भिंतीवर नऊ नावं कोरली आहेत. ही त्यांनी इथे ठेवलेली गुलाम माणसं. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्याप्रमाणे इथे सलग सहा महिने राहिलेला गुलाम स्वतंत्र होऊ शकत होता. म्हणून मुदत भरायच्या आत या माणसांना राज्याबाहेर फिरवून आणलं जायचं. ओना जज ही त्यातलीच, मार्था वॉशिंग्टनची दासी. तिला नातीला लग्नात आहेर म्हणून द्यायचं घाटत होतं. १७९६च्या मे महिन्यात घरचे जेवायला बसलेले असताना ती निघून गेली, ती थेट न्यू हॅम्पशायरला. परत आणायचे प्रयत्न झाले, पण ती आली नाही. आई इथे बराच वेळ उभी होती. तिला खुर्चीचा सूर्य काही आठवला नाही, ही पोरगी मात्र घरी येईपर्यंत तोंडात होती.

तिथून एक चौक वर आर्च स्ट्रीटवर फ्रँकलिनची कबर. क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत जायला थोडं तिकीट आहे, पण कबर रस्त्यावरूनही गजांमधून दिसते. साधा दगड, त्यावर लोकांनी टाकलेली सेंटची नाणी. बाबांनी नाणं टाकलं नाही. फ्रँकलिनच्या अंत्ययात्रेला १७९०मध्ये वीसेक हजार लोक होते, असं सांगतात. थॉमस पेनला मात्र १८०९मध्ये न्यूयॉर्कजवळ पुरताना मोजून पाच-सहा माणसं होती, कारण त्याने धर्मावर लिहिलं होतं. दहा वर्षांनी एका चाहत्याने हाडं उकरून इंग्लंडला नेली आणि ती तिकडेच हरवली. म्हणून त्याला कबरसुद्धा नाही.

पण त्याला अमेरिकेत आणला फ्रँकलिननेच. १७७४मध्ये लंडनला कफल्लक झालेल्या या माणसाला त्याने शिफारसपत्र दिलं. तेवढ्यासाठी फ्रँकलिन कोर्ट या त्याच्या घराच्या आवारात (मार्केट स्ट्रीट, थर्ड आणि फोर्थच्या मधे) डोकावा. घर १८१२मध्येच पाडलं, आता त्या जागी नुसता पोलादी सांगाडा उभा आहे. शेजारच्या टपाल कार्यालयात कार्डावर ‘बी. फ्री फ्रँकलिन’ असा शिक्का मारून मिळतो. फलटणला पाठवायला छान.

तिथून थर्ड स्ट्रीटने दक्षिणेला चालत जा. वॉलनटच्या जवळ एका खांबावर निळी पाटी आहे, पिवळी अक्षरं. इथे रॉबर्ट बेलचा छापखाना होता आणि इथून जानेवारी १७७६मध्ये अमेरिकेने इंग्लंडपासून स्वतंत्र व्हावं असं सांगणारी पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. बस, एवढंच. आजूबाजूला कोणी थांबत नाही. बाबांनी पाटी दोनदा मोठ्याने वाचली, चष्मा पुसला, आणि मला म्हणाले, “अगं, फोटो काढ. अक्षरं वाचता आली पाहिजेत.”

जेवण रीडिंग टर्मिनल मार्केटात. शाकाहारी माणसाचं निभतं. आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांची दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार बरा.

संध्याकाळी सिटी हॉलपर्यंत पाय ओढत गेलो. वर ३७ फुटांचा विल्यम पेन, तोंड ईशान्येला. समोर रस्त्यापलीकडे सरकारी इमारतीपुढची फरसबंद जागा, तिचं नाव थॉमस पेन प्लाझा. नावापलीकडे तिथे त्याचं काही सापडलं नाही. बाबा म्हणाले, “चला, दोघंही झाले.” तिथून सबर्बन स्टेशन दोन मिनिटांवर आहे, पण आम्हाला निम्म्या रस्त्यात उभं राहावं लागलं. परतीला बसायला जागा हवी असेल तर जेफरसनलाच चढा, ते एक स्टेशन आधी येतं.