टाचणीच्या गंजावरून

आत्या गेल्यावर तिच्या खोलीतून अठरा खोकी निघाली. आधी रेडिओवर आणि मग टेलिव्हिजनवर तिने जन्मभर निवेदन केलं, आणि कागद म्हणून जे हाती आलं ते कधी टाकलं नाही. संहिता, श्रोत्यांची पत्रं, करारपत्रं, डायऱ्या, स्पूलच्या टेपा आणि विटेएवढ्या तीन व्हिडिओ कॅसेटी. एका अभिलेखागाराने हे सगळं घ्यायचं कबूल केलं. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "आहे तसंच आणा, काही आवरू नका." मला वाटलं, संकोच वाटू नये म्हणून म्हणत असतील. पाहुणे म्हणतात ना, "असू दे हो पसारा", तसं.

तेव्हा मी आवरलं. दोन रविवार घालवले. संहिता एका बाजूला, पत्रं दुसऱ्या बाजूला, पत्रं लिहिणाऱ्यांच्या आडनावांप्रमाणे. कागद खराब होऊ नयेत म्हणून गंजलेल्या टाचण्या एकेक करून उपटल्या. वाटीभर निघाल्या. त्या वाटीकडे बघून मला बरंही वाटलं होतं.

बाईंनी पहिलं खोकं उघडलं, वरची काही पत्रं चाळली आणि विचारलं, "ही अशीच होती?"

"नाही, मी लावली."

त्या काही बोलल्या नाहीत. एक पत्र माझ्यापुढे धरलं. 'मंगळवारी तुम्ही जे बोललात ते ऐकून आईने रेडिओ बंद केला आणि बराच वेळ ती कुणाशी बोलली नाही. रागावली नव्हती.' खाली सही. ना तारीख, ना साल.

"कुठला मंगळवार?" बाईंनी विचारलं.

आत्याची पद्धत मला तेव्हा कळली. ज्या कार्यक्रमावर पत्र आलं, त्याच्याच संहितेला ती ते टाचून ठेवायची. म्हणजे वाटीतली प्रत्येक टाचणी हीच त्या पत्राची तारीख होती.

बाई रागावल्या नाहीत, पण समजावून मात्र सांगितलं. माणसाने आपले कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही, हा अभिलेखांच्या कामातला मूळ नियम. १८९८ साली तीन डच अभिलेखपालांनी तो नीट मांडला आणि जगभर तो पाळला जातो. निवेदकाच्या बाबतीत तर त्याला फारच महत्त्व, कारण बोललेलं बहुतेक वेळा हवेतच विरलेलं असतं. व्हिडिओ टेप १९५६ साली वापरात आली ती एवढी महाग होती, की पुसून पुन्हा वापरणं हीच रीत पडली. बीबीसीचेसुद्धा साठ-सत्तरच्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असे पुसले गेले. मागे उरते ती संहिता, आणि ती ऐकली गेली याचा पुरावा म्हणजे पत्र.

आता काय करायचं? मार्ग बाईंनीच दाखवला. टाचणी गेली तरी तिचा गंज कागदावर राहतो. तिरकी टाचणी असेल तर तिरका डाग, शेजारी दोन छिद्रं. वरच्या कागदाचा डाग खालच्या कागदावर त्याच जागी, जरा फिका उमटतो. म्हणजे डागाला डाग आणि छिद्राला छिद्र जुळवत जायचं.

पुढचे सहा आठवडे मी आठवड्यातून दोनदा त्या वाचनकक्षात जाऊन बसत होतो. शाईचं पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल. टेबलावर एका वेळी एकच खोकं. (माझ्या बाबतीत नियम मोडून दोन खोकी दिली, नाहीतर जुळवणार कशाशी?) कागद उजेडासमोर धरायचा, छिद्रांमधलं अंतर बघायचं. पहिल्या दिवशी चार जोड्या जमल्या. नंतर नजर बसली. आत्या घाईत असली की टाचणी आडवी मारायची आणि निवांत असली की डाव्या कोपऱ्यात तिरकी, हेही लक्षात आलं. हे कुठल्याही सूचीत येणार नाही, पण मला ते फार आवडलं.

जुळवता जुळवता संहिताही वाचून झाल्या. कागदाच्या एकाच बाजूला टंकलेलं, म्हणजे माइकपुढे पान उलटावं लागू नये आणि सळसळ ऐकू जाऊ नये. श्वास घ्यायच्या जागी लाल पेन्सिलची उभी रेघ, शेवटी मिनिटं-सेकंद. टेलिव्हिजनच्या संहितांत पानाचे दोन भाग, एकीकडे चित्र, दुसरीकडे शब्द. तिथे मात्र लाल रेघा कमी झालेल्या दिसल्या. का, ते आता कुणाला विचारणार?

टेपांचं काम वेगळंच. माझ्या ओळखीत एकाकडे स्पूलचा चालू रेकॉर्डर होता, मी ऐकून बघणार होतो. बाईंनी हात जोडले. काही जुन्या टेपांमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतला दमटपणा शोषून बिघडतो. अशी टेप लावली की थर सुटून यंत्राला चिकटतो आणि आवाज कायमचा जातो. तिला आधी पन्नास-पंचावन्न अंशांच्या मंद उष्णतेत काही तास ठेवतात, त्यानंतर ती थोडे आठवडे वाजवण्याजोगी होते आणि तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. हे जाणकारांनीच करावं, घरच्या ओव्हनमध्ये नव्हे. आमच्या अकरापैकी नऊ टेपा वाचल्या. तीन व्हिडिओ कॅसेटी यू-मॅटिकच्या निघाल्या. ती जात १९७१ साली आली आणि आता ती चालवणारी यंत्रंच दुर्मीळ आहेत. त्या अजून रांगेत आहेत.

दानपत्रावर सही करताना आणखी एक गोष्ट कळली. पत्राचा कागद आत्याचा, म्हणून तो मी देऊ शकतो, पण त्यातले शब्द लिहिणाऱ्याचेच राहतात. शिवाय त्या माणसांनी एका ओळखीच्या आवाजाला लिहिलं होतं, जगाला नव्हे. म्हणून घरगुती मजकूर असलेली पत्रं काही वर्षं बंद ठेवायची असं ठरलं. करारपत्रं आणि बाकीचं एका सकाळीच उरकलं.

मंगळवारचं पत्र पाचव्या आठवड्यात जुळलं. डाग तिरका, डाव्या कोपऱ्यात, दोन्ही छिद्रं चपखल. मी घाईघाईने संहिता उलगडली. हवामान, एका शाळेची बातमी, मग एक गाणं. आईने रेडिओ बंद करावा असं त्यात काहीच नव्हतं. शेवटच्या पानावर, गाण्यानंतरच्या मोकळ्या जागेत लाल पेन्सिलने तीनच शब्द: 'कागद बाजूला. मनातलं.' पुढे वेळ, दोन मिनिटं दहा सेकंद.

त्या दिवसाची टेप नाही. बाईंनी दोन्ही कागद एका आम्लरहित फोल्डरमध्ये एकत्र ठेवले आणि सूचीत लिहिलं: 'संहिता व पत्र. जोड गंजाच्या खुणांवरून, दात्याने लावलेली.'