एकच रेणू आहे, कशावरून?

साध्या रामन परिणामात साधारण कोटीभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, रेणूवरून विखुरले, तर एखादाच आपला रंग बदलून बाहेर पडतो. हा बदल प्रत्येक प्रकारच्या रेणूचा वेगळा, म्हणून त्यावरून रेणू ओळखता येतो. कॉलेजात दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची रांगोळी काढताना माझं सगळं लक्ष रामनांचा फेटा नीट जमण्याकडे असायचं. हा कोटीचा आकडा अंगावर आला तो जळगावात पीएचडीला लागल्यावर. विषय ठरला: चांदीच्या नॅनोकणांवर एकेकटा रेणू ओळखायचा.

चांदी कशाला, तर प्रकाश पडला की तिच्या कणांतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात आणि दोन कणांमधल्या नॅनोमीटरभर फटीत विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं. आम्ही त्या जागेला 'हॉट स्पॉट'च म्हणतो. रामन सिग्नल या क्षेत्राच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र शंभर पट झालं, की सिग्नल दहा कोटी पट. १९७४ साली साउदम्प्टनला फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅकक्विलन यांना खरखरीत चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीन या रसायनाचा असाच भलामोठा सिग्नल दिसला होता. पुढे १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकच रेणू दिसल्याचा दावा केला.

कण करायची रीत ली आणि मायझेल यांची, १९८२ची. अर्धा लिटर पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट उकळायचं, त्यात एक टक्का सोडियम सायट्रेटचं १० मिलिलिटर द्रावण सोडायचं आणि तासभर उकळत ठेवायचं. पाणी पिवळसर होत होत शेवटी हिरवट राखाडी, गढूळ दिसतं. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. काचेला त्याचा नुसता ओलावा राहिला तरी क्लोराइडमुळे पांढरा साका. म्हणून भांडी आधी अ‍ॅक्वा रेजिया या जहाल आम्लमिश्रणाने आणि मग अतिशुद्ध पाण्याने धुवायची. गंमत अशी, की पुढे मोजमापाच्या वेळी तेच मीठ आम्ही थेंबभर मुद्दाम घालतो, कारण त्यामुळे कण एकमेकांजवळ येतात आणि फटी तयार होतात. कधी घालायचं आणि किती, यातच अर्धी विद्या आहे.

रामन सिग्नल मोजायच्या यंत्राचा स्लॉट मुंबईला मिळायचा. बाटलीला फॉइल गुंडाळून, कोलॉइड (ते चांदीचे कण असलेलं पाणी) पिशवीत उभं धरून रात्रीची गाडी. पोचल्यावर आधी सिलिकॉनचा तुकडा ठेवून यंत्र नीट लागलंय ना हे कळायला त्याची रेषा ५२०वर येते का बघायचं (रेषेचा आकडा म्हणजे प्रकाशाचा रंग किती सरकला याचं माप), मग पुढचं काम.

पहिल्यांदा ऱ्होडामिन ६जी या रंगाची ६१२ची रेषा उमटली, लुकलुकली आणि गेली. लुकलुकली म्हणजे एकच रेणू, असं मला वाटत होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "एकच आहे, कशावरून?" द्रावण फार पातळ होतं, हे माझं उत्तर. त्यांनी गणित करायला लावलं. नॅनोमोलर, म्हणजे अतिशय पातळ, द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्येही साठ कोटी रेणू असतात, आणि चांदीवर ते सारखे पसरून बसतील याची हमी कोण देणार? लुकलुकणंही पुरावा नव्हे. कण हलले किंवा रेणू लेसरने जळाला तरी तेच दिसतं.

खरा मार्ग दोन रंगांचा. ऱ्होडामिन आणि नाइल ब्लू सारख्याच तयारीने मिसळायचे, हजारो स्पेक्ट्रा, म्हणजे रेषांचे आलेख, घ्यायचे आणि प्रत्येकात कोण आहे ते तपासायचं. भरताचा घास घेतला तर वांगं, मिरची, दाणे सगळंच लागतं. पण चिमटीत एकच कण उचलला तर ती मिरची तरी असते नाहीतर दाणा. तसंच इथे. सिग्नल बऱ्याच रेणूंचा असेल तर ५९०च्या आसपासची नाइल ब्लूची आणि ६१२ची ऱ्होडामिनची, दोन्ही रेषा बहुतेक स्पेक्ट्रात सोबतच दिसतात. एकेकट्याचा असेल तर एकाच रंगाचे शुद्ध स्पेक्ट्रा वाढतात आणि मिश्र दुर्मीळ होतात. ल रू, मायर आणि एचेगोइन यांनी २००६ मध्ये ही पद्धत मांडली. माझ्या मते १९९७च्या आकडेवारीपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का आहे.

नमुना पातळ करत गेले तसे बहुतेक स्पेक्ट्रा रिकामे यायला लागले. कंटाळवाणं काम आहे हे. पण रिकामे बाजूला काढल्यावर उरलेल्यांत मिश्र स्पेक्ट्रा खरोखरच घटत गेले. तो आलेख मॅडमनी दोनदा मागून घेतला.

अमळनेरला घरी गेले, तर नानांचा प्रश्न ठरलेला: "मंग, काय सापडनं का?" बियाण्याला लावायचं थायरम हे बुरशीनाशक यावर सापडेल का, हेही त्यांनीच विचारलं. सापडतं, आणि चांगलं सापडतं, कारण त्यातलं गंधक चांदीला घट्ट धरतं. साखरेचं तसं नाही, ती चांदीला चिकटतच नाही. थायरमचा एकेक रेणू मोजता येईल असं मात्र मी नानांना सांगितलेलं नाही. रंगद्रव्यं लेसरचा प्रकाश स्वतः शोषतात, त्यांना ती जास्तीची मदत मिळते. थायरमला मिळत नाही. त्यामुळे पुढच्या स्लॉटला आधी साधंच बघायचं आहे: बियाणं धुतलेल्या पाण्यात त्याची रेषा किती पातळ द्रावणापर्यंत टिकते.