सीताबर्डी, सहा फूट बाय चार फूट

माझं युद्धखेळाचं, म्हणजे छोट्या सैनिकांनी जुन्या लढाया खेळायचं, टेबल बघायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो. "एवढी मेहनत घेता, कवेलूची एकेक ओळ हातानं बसवता, मग टेकडी खऱ्या मापाची काऊन नाही जी? आणि अशा पायऱ्या कोणत्या टेकडीले असतात?" टेबलावर असते नागपूरची सीताबर्डी, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची, इंग्रज आणि भोसले यांच्या लढाईतली. विचारणारा नागपूरचाच असतो, बर्डीवरून नेहमी ये-जा करणारा. आपली टेकडी आपल्याला ओळखू यावी, ही त्याची अपेक्षा रास्तच आहे. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

आधी हिशेब. माझे सैनिक 28 मिलिमीटर उंचीचे. हे माप ढोबळमानानं 1:56 पडतं, म्हणजे खऱ्याचा छप्पन्नावा भाग. सीताबर्डीच्या दोन टेकड्या, थोरली आणि धाकटी, यांच्यातलं अंतर तीनशे मीटर धरलं, तरी या मापात ते पाच मीटरांच्या वर जातं. दुसरी टेकडी खोलीतच मावत नाही. बरं, जागा मिळाली तरी अडचण सुटत नाही. त्या काळच्या बंदुकीचा मारा कामाचा ठरायचा तो शंभर मीटरच्या आतच. 1:56 मध्ये शंभर मीटर म्हणजे जवळपास सहा फूट, म्हणजे माझ्या टेबलाची पूर्ण लांबी. सगळं टेबल एकाच गोळीच्या टप्प्यात आलं, तर चालून जाणं, आडोसा धरणं, बगल देणं, काहीच उरत नाही. दोन्हीकडच्यांनी उभ्या जागी गोळ्या झाडायच्या आणि खेळ संपवायचा.

म्हणून टेबलावर दोन मापं एकत्र नांदतात. माणसाचं माप एक, जमिनीचं दुसरं. एक सैनिक म्हणजे वीसेक माणसं. एक घर म्हणजे घरांचा एक पुंजका. घराची उंची मी सैनिकाच्या मापानं धरतो, नाहीतर त्याच्या दारातून सैनिक आत जाईल असं वाटतच नाही. लांबी-रुंदी मात्र जमिनीच्या मापाकडे झुकवून छाटतो. टेकडीचंही तेच. थोरली थोरली दिसली पाहिजे, धाकटी तिच्या तोफेच्या टप्प्यात पाहिजे, आणि मधली खिंड ओलांडताना सैनिक उघड्यावर पडले पाहिजेत. एवढं साधलं की माझी टेकडी बरोबर.

कारण त्या दोन दिवसांत जमिनीनं काय केलं, ते मला टेबलावर पुन्हा घडायला हवं असतं. नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्सच्या बाजूला दीड हजारांच्या आसपास फौज होती, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांकडे तिच्या दहापटीहून जास्त. एवढ्या थोड्या माणसांना टिकवून धरलं ते त्या दोन उंचवट्यांनी. पण धाकट्या टेकडीच्या पायथ्याशी मातीच्या घरांची वस्ती होती. 26 च्या संध्याकाळी सुरू झालेला गोळीबार रात्रभर चालला, आणि भोसल्यांच्या चाकरीतले अरब या वस्तीच्या आडोशानं टेकडीला भिडले. 27 च्या सकाळी त्यांनी धाकटी टेकडी घेतली. तिथली तोफ वळवून थोरल्या टेकडीवरच डागली. पुढे धाकट्या टेकडीवरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, इंग्रजांकडच्या शिपायांनी टेकडी परत घेतली आणि लढाई फिरली. महिनाभरात नागपूर इंग्रजांच्या हाती गेलं. आपल्या शहराचं नशीब ज्या उतारावर ठरलं, तो उतार मला मन लावूनच करावासा वाटतो.

तर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो या घरांवर, टेकडीवर नाही. भिंती सनबोर्डच्या. त्यावर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली पुट्टी आणि चाळलेला मुरूम बोटानं थापायचा. ब्रश वापरला की भिंत फार गुळगुळीत होते. बोटानं थापली की लिंपल्यासारखी दिसते. शेतातली काळी माती वापरू नका. ती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. मुरूम बरा, आणि तोही तव्यावर कोरडा भाजून घेतलेला, म्हणजे किडा-मुंगी राहत नाही.

कवेलूसाठी खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा. वरचा कागद पाण्याच्या हातानं ओला केला की अलगद सुटतो आणि खालच्या नळ्या उघड्या पडतात. त्याच्या सात-आठ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या आणि वळचणीकडून आढ्याकडे चढवत न्यायच्या, प्रत्येक पट्टी खालचीवर थोडी चढलेली. मग अधूनमधून कात्रीच्या टोकानं एखादी नळी तोडायची, एखादी सरकवायची, कारण एका पावसाळ्यानंतर कोणतंच कवेलूचं छप्पर सरळ रेषेत राहत नाही. आधी गडद तपकिरी रंग. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं विटकरी, आणि शेवटी अगदी थोडा फिकट नारिंगी फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. नळ्यांच्या मधली काळोखी तशीच राहू द्यायची. छप्पर चिकटवायचं नाही, उचलता आलं पाहिजे. आत अरब लपलेले असतात, त्यांना काढणार कसं?

आता पायऱ्या. सैनिकाचा बेस, म्हणजे पायाखालची चकती, 25 मिलिमीटरचा असतो. धातूचा सैनिक निसरड्या उतारावर उभा राहत नाही, घसरतो आणि त्याचा रंग उडतो. म्हणून मी टेकडी इन्सुलेशनच्या दाट फोमचे थर एकावर एक रचून करतो, आणि प्रत्येक थरावर बेस आरामात मावेल एवढी सपाट जागा सोडतो. याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. कोण कोणाला बघू शकतो, यावर वाद होत नाही. दुसऱ्या थरावरचा माणूस पहिल्या थराच्या पलीकडे बघतो, संपलं. गुळगुळीत, देखण्या टेकडीवर खेळणाऱ्यांचा अर्धा वेळ वाकून डोळे मिचकावण्यात जातो. थरांच्या कडा मात्र मी चाकूनं ओबडधोबड कातरतो आणि काळ्या-करड्या रंगात रंगवतो. आपला दगड काळा आहे, लाल-पिवळे कडे इथे शोभणार नाहीत. साधं थर्माकोल घेणाऱ्यांना एकच सांगणं: त्यावर थेट स्प्रेचा रंग मारू नका, ते विरघळतं. आधी फेव्हिकॉल आणि काळ्या रंगाचा हात द्या.

गवताला लकडगंजातल्या आरामशीनवरचा बारीक भुसा पुरतो, चाळून हिरव्या-पिवळ्यात रंगवलेला. नोव्हेंबरातलं गवत हवं, म्हणून पिवळं जास्त. हे काम कूलर बंद करूनच करावं लागतं. आणि मे महिन्यात फेव्हिकॉल पातळ करून, बोर्डाच्या दोन्ही अंगांना लावायचं. एकाच बाजूला लावलं तर ते आकसतं आणि बोर्ड बाक धरतो.

खेळासाठी जमिनीचं माप असं वाकवणं हे काही आम्हा हौशी लोकांचं खूळ नाही. 1812 मध्ये रायस्विट्झ नावाच्या प्रशियन गृहस्थानं आपल्या राजाला युद्धखेळाचं टेबल करून दिलं, त्यात जमिनीचे तुकडे सुटे होते, हवे तसे मांडता येणारे. त्याच्या लष्करी अधिकारी मुलानं 1824 मध्ये ते सोडून 1:8000 चा नकाशा घेतला, कारण त्याला अंतरं काटेकोर हवी होती. दोघांचंही खरं होतं. मी बापाच्या बाजूचा आहे. नकाशावर अंतर कळतं, पण आडोसा समजायला भिंत समोर उभी लागते.

राहिली टेबलाच्या पश्चिमेची मोकळी जागा. "इथं दोन-चार झाडं लावा ना, उघडं उघडं दिसते," असं बरेच जण सुचवतात. ते रेसिडेन्सीच्या, म्हणजे रेसिडेंटच्या निवासस्थानाच्या, बाजूचं मैदान आहे. भोसल्यांचे स्वार तिथे जमून पुढे सरकत होते, आणि इंग्रजांकडच्या कॅप्टन फिट्झगेराल्डनं बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन त्यांच्यावर हल्ला चढवला, तोफा ताब्यात घेतल्या. घोड्यांना धावायला सपाट, मोकळी जमीन होती म्हणूनच तो हल्ला होऊ शकला. तिथे झाडं लावली तर खेळणारा घोडदळ जागचं हलवणारच नाही. ते मैदान उघडंच राहील.