जिकडची दाढ काढली होती, तिकडेच

मी केलेल्या त्या जबड्याच्या ऑपरेशनला चार महिने होत आले. पोरगं मजेत आहे, कामावर जातंय. तरी गाडी चालवताना मध्येच मला तो आवाज ऐकू येतो. जबड्याचं हाड हवं तसं उकलतं तेव्हा आवाज दबका, ओलसर असतो. नको तिथे फुटलं की चिक्की मोडल्यासारखा कोरडा येतो. त्या दिवशी डाव्या बाजूला तसा आला.

मुलगा बावीस वर्षांचा, सांगलीपासून तासाभरावरच्या गावचा. खालचा जबडा इतका पुढे की शाळेत सगळे 'विळा' म्हणायचे. पहिल्या भेटीत चेहऱ्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. म्हणाला, पुढच्या दातांनी काही तुटत नाही. पेरू कापून खायचा, वडापाव हातानं तोडून दाढेखाली सारायचा. आम्ही विमा कंपनीकडे कागद पाठवले, ते 'सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया' असा शेरा मारून परत आले. माणसाला पेरू चावता येत नाही, यात सौंदर्य कुठं आलं हे मला त्या शेरा मारणाऱ्याला समोर बसवून विचारायचं आहे.

अशा केसमध्ये आधी दीड वर्ष तारा. आणि तारांनी चेहरा सुधारत नाही, आणखी बिघडतो, हे कितीही आधी सांगा, घरच्यांना धक्का बसतोच. जबडा पुढे असला की खालचे दात वर्षानुवर्षं आत झुकून ती चूक झाकत असतात. तारा लावणारा ऑर्थोडॉन्टिस्ट त्यांना सरळ उभे करतो आणि झाकलेलं उघडं पडतं. त्याची आई एकदा दारातूनच म्हणाली, "पैसे घिऊन पोरगं जास्तीच वंगाळ केलंसा की." तिचं चूक नव्हतं.

आता अक्कलदाढांचं. त्याच्या खालच्या दोन्ही हाडात आडव्या अडकलेल्या. जबडा मागे घ्यायचा तर शेवटच्या दाढांच्या मागचं हाड उभं उकलून त्याचे दोन पदर करावे लागतात, आतला दातांचा आणि बाहेरचा सांध्याकडचा. मग दातांचा भाग मागे सरकवायचा आणि दोन्ही पदर प्लेटनं जोडायचे. ट्राउनर आणि ओबवेगेझर यांनी ही पद्धत 1957 साली छापली, 1961 मध्ये दाल पोंत यांनी बाहेरचा काप पुढे आणला, आणि गाभा आजही तोच आहे. अडकलेली अक्कलदाढ नेमकी या उकलीच्या वाटेत बसते. हाड पातळ करते, भलतीकडे चीर जाण्याची भीती, स्क्रूला पकड नाही. म्हणून निदान सहा महिने आधी ती काढून खड्डा हाडानं भरू द्यायचा, असं आम्हाला शिकवलं आणि मीही शिकवत आलो.

डावी काढली. तिसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला, तोंडात दोन बोटं जाईनात. हे सगळं होतंच, आठवड्यात उतरतं. पण गावात कुणीतरी सांगितलं की दाढ काढली की नजर जाते. या एका वाक्याशी मी वीस वर्षं भांडतोय आणि हरतोय. शिकलेली माणसंसुद्धा खुर्चीत बसल्यावर हळूच विचारतात. उजवी काढायला तो आलाच नाही. रिसेप्शनवरून फोन गेले, मी स्वतः एकही केला नाही.

दहा महिन्यांनी ऑर्थोडॉन्टिस्टचा निरोप आला, दात तयार आहेत. मुलाला नोकरी लागली होती, हजर व्हायची तारीख ठरलेली. आता उजवी काढून पुन्हा सहा महिने थांबा म्हणालो असतो तर तो कायमचाच गेला असता. दाढ ठेवून ऑपरेशन करणारे आणि उकलतानाच ती काढून टाकणारे चांगले सर्जन आहेत, त्यांच्याकडेही आकडे आहेत. मी तयार झालो.

नाकातून नळी, भूलतज्ज्ञांनी रक्तदाब खाली धरलेला, बाहेर एकही काप नाही. भीतीची बाजू आधी घेतली, उजवी. आतला आडवा काप ओठ-हनुवटीची जाणीव देणारी नस हाडात शिरते त्या भोकाच्या जरा वर, मग दाढांच्या बाहेरच्या कडेनं खाली, शेवटी बाहेरचा उभा काप. तो जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत नाही, कडेतून पार गेला पाहिजे. तिथे डोळ्याला काही दिसत नाही, हत्यार खालून घालून चाचपावं लागतं. मी तीनदा चाचपलं. ऑस्टिओटोमवर, म्हणजे हाडाच्या छिन्नीवर, हलके ठोके, पदर फाकवणारा स्प्रेडर एकेक आटा फिरवत उघडला, आणि हाड पुस्तकासारखं उलगडलं. मध्ये दाढ, तिच्याखाली शाबूत पांढरी नस. दाढ बोटभर हत्यारानं अलगद उचलली. सिस्टरसुद्धा "वा" म्हणाल्या.

डावी सोपी. दहा महिने भरलेलं हाड. तिचे काप मी रेसिडेंटला, माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरला, करू दिले. मुलीचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा हलका. खालची कडा मी एकदाच चाचपली. स्प्रेडर लावला, दोन आटे, आणि तो आवाज.

बाहेरच्या पदराची पुढची फळी तुकडा होऊन हातात आली आणि मागची उकल तशीच राहिली. याला आमच्यात 'बॅड स्प्लिट' म्हणतात. शंभर बाजूंमागे दोन-तीनदा होतं, दुरुस्त करता येतं, पण त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी बोलत नाही. उरलेली उकल मागून पुरी केली, तुटलेली फळी आधी सांध्याकडच्या भागाला जोडली, मग दातांच्या भागाला. एका प्लेटच्या जागी तीन लागल्या. जबडा सहा मिलिमीटर मागे बसला, दात जुळले. वरचे-खालचे दात एकत्र बांधणारे रबर मात्र काही दिवसांऐवजी चार आठवडे ठेवावे लागले, उशाशी कात्री बांधून, उलटी झालीच तर कापायला.

बाहेर येऊन वडिलांना सगळं सांगितलं. माझा हात पुढे करून त्यावर दाखवलं, हाड कुठं फुटलं. शेतकरी माणूस, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण डॉक्टर, डावीकडची दाढ तर आधीच काढलीवती की."

मी म्हणालो, हाडाचा भरवसा नसतो. तोंडातून निघताच कळलं की हे दाढ काढली की नजर जाते, त्याच जातीचं वाक्य आहे.

संध्याकाळी रेसिडेंटनं विचारलं, "सर, खालची कडा माझ्याकडून राहिली का?" मी नाही म्हणालो. ऑपरेशनच्या नोंदीत दोन्ही बाजूंपुढे माझं नाव लिहिलं, तिथं शंका नव्हती. पण त्या 'नाही'ची आहे. कदाचित कडा राहिली असेल. कदाचित भरलेलं हाडच अजून कोवळं आणि ठिसूळ असेल. नंतरचा स्कॅन मी चार वेळा उघडून पाहिला, तुटलेल्या कडेवरून आता काही सांगता येत नाही. एवढंच खरं की दाढ नव्हती म्हणून मी दोनदा कमी चाचपलं.

परवा तो दाखवायला आला. उजव्या ओठाची जाणीव पूर्ण परतली आहे. डावीकडे हनुवटीवर दोन बोटांएवढा पट्टा अजून बधिर. दाढी करताना तिथं कापलेलं कळत नाही, आरशात रक्त दिसलं की कळतं, असं हसत सांगत होता. त्याला मी वर्षभर वाट बघू म्हणालोय.

पुढच्या मंगळवारी अशीच केस आहे, दोन्ही अक्कलदाढा सात महिन्यांपूर्वी काढलेल्या. डावी बाजू तू कर, असं रेसिडेंटला सांगितलं. ती जरा थांबली.

"कडा तुम्ही तपासणार ना, सर?"