पत्रादेवीच्या वाटेवरचे पाहुणे

१९५५ सालच्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील बाके संध्याकाळी भिंतीला लावून ठेवली जात आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर सतरंज्या अंथरल्या जात, हे आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल. गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींच्या तुकड्या सावंतवाडीजवळच्या आपल्या बांदा गावी येत, एखादी रात्र काढत आणि सीमेवरच्या पत्रादेवीच्या वाटेने पोर्तुगीज हद्दीत शिरत. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या शिक्षकांविषयी लिहावे, असे आधी मनात होते. त्या शिक्षकांविषयी इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितीलच; म्हणून मी या पाहुण्यांविषयी लिहितो.

तेरेखोल नदीकाठचे आपले गाव त्या काळी दोन राज्यांच्या नव्हे, तर दोन देशांच्या सीमेवर होते. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता आणि नंतर तो पोर्तुगिजांकडे गेला; तरी सोयरिकी काही तुटल्या नाहीत. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचे आजोळ पलीकडे होते. पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, शिपाई कोणत्या वळणावर उभे असतात आणि कोणत्या पाणंदीने गेले म्हणजे त्यांची गाठ पडत नाही, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी समजले होते.

डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावला सभा घेतली, तेव्हा मी पाळण्यातून नुकताच उतरलो होतो. मला आठवते ते १९५४ पासूनचे. त्या वर्षी सरकारने फक्त गोमंतकीयांनाच सीमा ओलांडू दिली होती, आणि १५ ऑगस्टला आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावल्याचे ऐकून आम्ही पोरे नदीकाठी धावलो होतो, जणू तो तिथून दिसणारच होता. पुढच्या वर्षी चित्र बदलले. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली आणि १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. बापट तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. गोऱ्यांना पोर्तुगीज न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यानंतर मात्र तुकड्यांमागून तुकड्या येऊ लागल्या.

येणारी माणसे नाना प्रांतांची होती. कुणी गिरणी कामगार, कुणी महाविद्यालयीन विद्यार्थी, कुणी नोकरीवर रजा टाकून आलेला कारकून. पंजाबातील माणसांना आमची पेज आणि कुळथाची पिठी कशी काय रुचत असेल, याची घरोघरच्या बायकांना फार काळजी असे. आमची आजी पंगतीत उभी राहून, समोरच्याला भाषा कळते की नाही याची पर्वा न करता, "बाबांनो, पोटभर जेवा, थयसर कोण वाडतलो तुमका?" असे म्हणे आणि पानात आणखी एक भाकरी टाकी. जेवणानंतर तुकडीचा प्रमुख नियम सांगत असे. जवळ साधी काठीही बाळगायची नाही, मार पडला तरी हात उचलायचा नाही, झेंडा खाली पडू द्यायचा नाही. आमचे गणिताचे गुरुजी हे सारे दारात उभे राहून ऐकत असत. लढाईला निघालेल्या पलटणीमागे तोफा असतात, रसद असते, घरच्यांना निवृत्तिवेतन असते; यांच्यामागे यांपैकी काहीच नाही, असे ते एकदा वर्गात म्हणाले आणि लगेच फळ्याकडे वळले.

गावातील किती जण गेले, असा प्रश्न पुढे बाहेरची माणसे विचारत. थोडे गेले, हे खरे आहे. परंतु लांबून आलेल्या माणसाच्या मागे पलीकडे कुणी ओलीस नव्हते; आमच्याकडे मात्र एका भावाने झेंडा घेतला की पेडण्यातील बहिणीच्या दारात दुसऱ्या दिवशी शिपाई उभे राहत. म्हणून गावाने आपला वाटा वाट दाखवण्यात, शिजवण्यात आणि परतणाऱ्यांना उचलण्यात दिला. त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी आजही वाद घालतो.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी सकाळी शाळेत ध्वजवंदन झाले आणि पाठोपाठ भर पावसात सत्याग्रही पत्रादेवीकडे निघाले. सीमेवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. दुपारपासून जखमी येऊ लागले. कुणी खांद्यावर, कुणी दाराच्या फळीवर. त्यांना पुढे सावंतवाडीला हलवण्यात येत होते. पंजाबातील इसरू गावचा तरुण करनैलसिंग पत्रादेवीला पडला. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोद्राबाई राय यांना गोळ्या लागल्या, तरी त्यांनी झेंडा सोडला नाही. १९५७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या. तेरेखोलकडे पनवेलचे हिरवे गुरुजी हुतात्मा झाले, आणि एक शिक्षक मारला गेला ही बातमी आपल्या शाळेत कशी पसरली असेल, हे निराळे सांगायला नको. त्या एका दिवसात गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक माणसे मेली.

सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने असे सत्याग्रह थांबवले. सीमा आवळली गेली, आर्थिक नाकेबंदी आली, आणि ज्यांचे आजोळ पलीकडे होते त्यांची सुट्टी घरीच जाऊ लागली. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये खरे सैन्य आले. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड गेली ती मुख्यतः दोडामार्गाकडून, आणि तिच्यात मूळची मराठा पलटण होती, याचा तालुक्याला कोण अभिमान! आपल्या वाटेने पलटण गेली नाही, याची आम्हा पोरांना मात्र बरीच रुखरुख लागली होती. १९ डिसेंबरला पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. पुढच्या जून महिन्यात पेडण्याकडची काही मुले आपल्या शाळेत दाखल झाली; पत्रादेवीवरून रोज पायी येत, आणि पावसात उशीर झाला तर मुख्याध्यापक त्यांना कधी वर्गाबाहेर उभे करत नसत.